बास्केट झाली, पण मॅन कोणाचा होता? बचावातला दोष ठरवण्याची रीत

पुण्यात रविवारी सकाळी कोणत्याही बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला उभे राहिले, तर सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारे वाक्य म्हणजे "कोणाचा मॅन होता?" मॅन म्हणजे ज्याला अडवण्याचे काम एखाद्याला नेमून दिलेले असते तो प्रतिस्पर्धी. चेंडू जाळीतून खाली पडायच्या आत हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. सकाळी उठून एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, सामना फोनवर पाहणारी मंडळी नंतर अमृततुल्यात बसतात, तेव्हाही वाद याच प्रश्नाभोवती फिरतो. फक्त आपल्या संघातल्या लंबू किंवा बंड्याच्या जागी एनबीएतला रुडी गोबेर किंवा स्टेफ करी येतो. प्रश्न रास्त आहे. अडचण अशी आहे की शॉट मारणाऱ्याच्या सर्वांत जवळ जो उभा होता तोच गुन्हेगार, असे मनाशी धरून तो विचारला जातो. बचाव ही पाच जणांची साखळी असल्यामुळे दोष नेमका कोणाच्या पदरात घालायचा, हे ठरवण्यासाठी थोडी शिस्त लागते. ती कशी पाळावी, हे पुढे सांगितले आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. डेक्कन परिसरातल्या एका कोर्टावर आम्ही मॅन टू मॅन, म्हणजे प्रत्येकाने आपापला मॅन धरून, खेळत होतो. समोरच्या संघाचा गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा खेळाडू, आमच्या गार्डला उजव्या खांद्याकडून मागे टाकून थेट रिंगकडे घुसला. आमचा सर्वांत उंच खेळाडू, ज्याला सगळे लंबू म्हणतात, स्वतःचा मॅन सोडून हात वर करत त्याच्या वाटेत आला. गार्डने त्याच्या काखेखालून चेंडू सरकवला आणि मोकळ्या झालेल्या माणसाने सहज लेअप, म्हणजे रिंगजवळून हलका शॉट, मारला. तिघे जण लंबूवर ओरडले, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. कोणाच्या तरी धाकट्या भावाने खेळाचे मोबाइलवर चित्रण केले होते, ते आम्ही बाकावर बसून थांबवत थांबवत पाहिले. आमच्या गार्डचे दोन्ही पाय एका रेषेत होते, म्हणजे त्याने मधली वाट स्वतःच उघडी ठेवली होती. लंबू योग्य वेळी, योग्य जागी आला होता. लंबू मदतीला गेला की त्याच्या मॅनकडे सरकायचे काम विरुद्ध कोपऱ्यातल्या खेळाडूचे असते, आणि तो खेळाडू गुडघ्यांवर हात ठेवून चेंडूकडे पाहत उभा होता. तो मीच होतो.

या प्रसंगातून जी पहिली पायरी निघते ती अशी: चाल शेवटाकडून सुरुवातीकडे पाहावी. शॉटपासून मागे जात जात असा क्षण शोधावा, ज्या क्षणी पाच विरुद्ध पाच हे गणित पहिल्यांदा मोडले आणि चेंडू असलेल्या संघाला एक माणूस जास्त मिळाला. त्या क्षणाला मी पहिली फट म्हणतो. पहिली फट पडल्यानंतर बचाव करणारा प्रत्येक जण दोन वाइटांतले कमी वाईट निवडत असतो, त्यामुळे त्याच्या निर्णयाची तपासणी वेगळ्या मापाने करावी लागते. वर सांगितलेल्या चालीत पहिली फट गार्डच्या पायांत पडली, दुसरी माझ्या डोळ्यांत, आणि लंबूच्या खाती काहीच जमा होत नाही. कबड्डी पाहणाऱ्याला हे फार समजावून सांगावे लागत नाही. कोपरारक्षकाने घाई करून घोट्याला हात घातला आणि साखळी तुटली, तर चढाईपटू शेवटी ज्याच्या हातून निसटला त्याच्यावर जाणकार खापर फोडत नाहीत.

एक चाल निदान तीनदा पाहावी. पहिल्यांदा चेंडू पाहावा, कारण तो पाहिल्याशिवाय आपल्याला राहवतच नाही. दुसऱ्यांदा चेंडूवर बोट ठेवून तो झाकावा आणि उरलेल्या चार बचावपटूंकडे पाहावे: चेंडूच्या विरुद्ध बाजूला असलेले दोघे कुठे उभे आहेत, त्यांना स्वतःचा मॅन आणि चेंडू दोन्ही दिसत आहेत का, आणि चेंडू हातातून सुटला त्याच वेळी ते हलले की तो पोहोचल्यावर. तिसऱ्यांदा केवळ पाय पाहावेत. हे काम वाटते तितके वेळखाऊ नाही, कारण शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारण्याची मुदतच, मुळी २४ सेकंदांचे असते, आणि आक्रमक संघाने स्वतःच्या चुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू (रिबाउंड) परत मिळवला तर पुढची मुदत केवळ १४ सेकंदांची असते.

यानंतरचा टप्पा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो, आणि तो म्हणजे बेत ओळखणे. गोलंदाजाने ऑफला क्षेत्ररचना लावून लेगला चेंडू टाकला तर दोष त्याचा; पण कर्णधाराने सीमारेषेवर माणूसच ठेवला नाही आणि तिथून चौकार गेला, तर गोलंदाजाला बोल लावता येत नाही. बास्केटबॉलमध्ये ही क्षेत्ररचना डोळ्यांना सहज दिसत नाही. आक्रमक संघातला एक जण बचावपटूच्या वाटेत स्थिर उभा राहून त्याला अडवतो, ती स्क्रीन. स्क्रीन लागल्यावर उंच खेळाडू मागे रिंगजवळ थांबतो, त्याला ड्रॉप म्हणतात. दोघांनी आपापले मॅन बदलले तर तो स्विच होतो. आणि उंच खेळाडू क्षणभर पुढे येऊन चेंडू अडवतो व परत जातो, तेव्हा ती हेज असते. ड्रॉपमध्ये फ्री थ्रो रेषेच्या आसपासचा शॉट प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम दिलेला असतो, कारण रिंगखालचा लेअप आणि तीन गुणांचा शॉट हे दोन्ही त्याहून महाग पडतात. तो दिलेला शॉट कोणी लागोपाठ चारदा घातला की प्रेक्षक उंच खेळाडूला शिव्या घालतात. वास्तविक तो सांगितलेले काम करत असतो, आणि बेत बदलायचा की नाही हा प्रश्न प्रशिक्षकाचा असतो. बेत ओळखण्याची सोपी खूण अशी की एकच गोष्ट वेगवेगळे खेळाडू तीन-चार वेळा त्याच पद्धतीने करत असतील, तर ती चूक नसून सूचना आहे. एकटाच कोणी वेगळे करत असेल, तर मात्र त्याच्याकडे बोट दाखवायला हरकत नाही.

बेताबरोबर नियमही पाहावे लागतात, कारण एनबीए पाहून आपल्या कोर्टावरच्या माणसाला तोलणे अनेकदा अन्यायाचे होते. एनबीएमध्ये २००१-०२ च्या हंगामापासून झोनला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावाला, परवानगी मिळाली, पण त्याच वेळी बचावातील तीन सेकंदांचा नियमही आला. त्यामुळे कोणाला प्रत्यक्ष मार्क करत नसलेल्या बचावपटूला रिंगसमोरच्या रंगवलेल्या भागात तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ थांबता येत नाही. आपल्याकडचे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी होतात, आणि तिथे बचावासाठी असे बंधन नाही. आपला लंबू संपूर्ण चाल रिंगखाली ठाण मांडून बसू शकतो, गोबेरला मात्र सतत आत-बाहेर करावे लागते. अंतरांचेही तसेच आहे. फिबाची तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर असते, तर एनबीएची समोरच्या बाजूला ७.२४ मीटरवर, मदतीला आत आलेल्या माणसाला परत शूटरपर्यंत धावताना जादाचे ते अर्धे पाऊल फार जड जाते.

आता ही रीत एका प्रसिद्ध सामन्यावर लावून पाहू, कारण त्यावरून झालेले वाद अजून पुरते शमलेले नाहीत. १८ जून २०२१ रोजी, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी, लॉस एंजलिस क्लिपर्स आणि युटा जॅझ यांच्यात पश्चिम विभागाच्या उपांत्य फेरीतला सहावा सामना झाला. जॅझ त्या हंगामात ५२ विजय मिळवून पहिल्या क्रमांकावर होते, गोबेर नुकताच वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला होता, आणि क्लिपर्सचा कवाय लेनर्ड दुखापतीमुळे खेळत नव्हता. जॅझने २५ गुणांची आघाडी घेतली आणि तरीही ११९-१३१ असा सामना गमावला. क्लिपर्सच्या टेरेन्स मॅनने (हे त्याचे आडनाव) ३९ गुण केले, त्यात तीन गुणांचे सात शॉट होते, आणि त्यांतले बरेचसे शॉट ज्याच्या वाट्याला टेरेन्स होता तो जॅझचा गोबेर दूर रिंगखाली असताना पडले. दुसऱ्या दिवसापासून निकाल लागला तो असा: गोबेर बाहेर येऊन बचाव करू शकत नाही.

चित्रण शेवटाकडून सुरुवातीकडे पाहिले की वेगळे दिसते. क्लिपर्सने उंच खेळाडू बाजूला ठेवून पाचही शूटर खेळवले आणि टेरेन्सला कोपऱ्यात उभे केले. चेंडू असलेला खेळाडू जॅझच्या बाहेरच्या बचावपटूला पहिल्याच पावलात मागे टाकत होता. गोबेरसमोर लेअप सोडायचा की कोपरा, एवढाच पर्याय उरत होता. तो लेअप अडवायला जात होता आणि पास कोपऱ्यात पोहोचत होता. पहिली फट दर वेळी बाहेर पडत होती. डोनोव्हन मिचेलचा घोटा दुखावलेला होता आणि माइक कॉन्ली दुखापतीनंतर त्याच सामन्यात परतला होता, हेही हिशोबात धरावे लागते. माझ्या मते पहिला दोष बाहेरच्या बचावाचा, दुसरा बेत वेळीच न बदलणाऱ्या प्रशिक्षकांच्या बाकाचा आणि तिसरा गोबेरचा. त्याचा दोष शून्य मात्र नाही. समोरचा शूटर इतका तापला आहे हे कळल्यावर त्याने मदतीची झेप आखडती घ्यायला हवी होती. शिवाय समोर एवढा लहान चणीचा संघ असताना दुसऱ्या टोकाला त्याची उंची जॅझला वसूल करता आली नाही, आणि ही गोष्ट बचावाच्या चर्चेत कोणी काढत नाही.

याच गोबेरवर, तेव्हा तो मिनेसोटाकडून खेळत होता, २४ मे २०२४ रोजी डॅलसच्या लुका डॉन्चिचने शेवटच्या काही सेकंदांत झटकन एक पाऊल मागे (स्टेप बॅक) घेऊन तीन गुणांचा शॉट मारला आणि डॅलसने मिनेसोटाला १०९-१०८ असे हरवले. तिथे स्विच झाल्यामुळे तो मोकळ्या जागेत एकटा पडला होता. अडचणीत टाकणारा बेत, त्यात जगातल्या मोजक्यांनाच जमणारा शॉट. अशा वेळी वादाला फार ताणू नये. काही बास्केटना आरोपीच नसतो.

याचा अर्थ सगळे संघावर ढकलून व्यक्तीला मोकळे सोडावे असा नाही. काही चुका निखळ वैयक्तिक असतात आणि त्या नाव घेऊनच सांगाव्यात. चेंडूकडे टक लावल्यामुळे पाठीमागून मॅन निसटणे, शॉट उडाल्यावर बॉक्स आउट न करता, म्हणजे आपल्या मॅनला पाठीने रिंगपासून दूर न ठेवता, नुसती उडी मारणे, स्वतःचा शॉट चुकला म्हणून रेंगाळत परत येणे, शूटरच्या फसव्या हालचालीला उडी देणे आणि तीन गुणांच्या शॉटवर फाउल करणे, या चुकांना कोणताही बेत जबाबदार नसतो. यांतली रेंगाळण्याची चूक मला सर्वांत अक्षम्य वाटते, कारण ती टाळायला कौशल्य लागत नाही, फक्त लाज लागते.

एक वैयक्तिक चूक मात्र चित्रणात दिसत नाही, ती म्हणजे गप्प राहणे. मागून स्क्रीन येत आहे हे गार्डला दिसत नाही. ते पाहून "डावीकडे स्क्रीन" असे ओरडण्याचे काम मागच्याचे असते. तो ओरडला नाही तर गार्ड भिंतीवर आदळल्यासारखा आदळतो, चेंडू पुढे निघून जातो आणि पाहणारे म्हणतात की गार्ड मंद आहे. दूरचित्रवाणीवर हा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे स्क्रीनवर अडकलेल्या गार्डला दोष देताना हात थोडा आखडता ठेवावा. कोर्टाच्या कडेला बसून पाहण्याचा फायदा इथे कळतो. बालेवाडीत किंवा शाळांच्या स्पर्धांमध्ये पहिल्या रांगेत बसावे आणि पाच मिनिटे केवळ कान देऊन ऐकावे. कोणता संघ बचाव करतो आहे, हे डोळे मिटूनही सांगता येते.

आकडे वापरायला हरकत नाही, पण कोणता आकडा कशासाठी आहे हे ठाऊक हवे. डिफेन्सिव्ह रेटिंग म्हणजे शंभर चालींमागे दिलेले गुण. संघासाठी हा चांगला मापदंड आहे, एका खेळाडूच्या नावापुढे लिहिला की त्यात उरलेल्या चौघांचे कर्तृत्व मिसळते. स्टील (चेंडू हिसकावणे) आणि ब्लॉक (शॉट अडवणे) मोजले जातात, पण स्टीलच्या मोहात किती वेळा कोणी जागा सोडली ते त्या तक्त्यात येत नाही. प्रतिस्पर्ध्याने तीन गुणांचे किती टक्के शॉट घातले, यात नशिबाचा वाटा मोठा असतो. बचाव जोखायचा असेल तर प्रतिस्पर्ध्याने किती मोकळे शॉट घेतले ते मोजावे. आणि एका सामन्याचा आकडा दाखवून कोणी निकाल देत असेल, तर चहा येईपर्यंत ऐकून घ्यावे.

राहिला प्रश्न बोलण्याचा. पुण्यात दुसऱ्याची चूक काढणे हे सार्वजनिक कर्तव्य मानले जाते, तेव्हा ते निदान नेमकेपणाने पार पाडावे. "त्याला बचाव येत नाही" या वाक्यावर वाद संपत नाही, कारण त्याला कुठून पकडायचे हेच कळत नाही. त्याऐवजी "या चालीत पहिली फट उजव्या बाजूला पडली, मदत वेळेवर आली, पण मदतीच्या मागची जागा कोणी भरली नाही" असे म्हणावे. समोरच्याला ते खोडून काढता येते, आणि तेच त्या वाक्याचे बळ आहे. एखाद्या खेळाडूच्या सवयीबद्दल विधान करायचे असेल, तर वेगवेगळ्या सामन्यांतल्या निदान तीन चाली दाखवता आल्या पाहिजेत. आपण स्वतः खेळत असू, तर चाल चालू असताना किंवा बास्केट झाल्या झाल्या दोषाचे वाटप करू नये, कारण तेवढ्यात समोरचे दुसरी बास्केट करून जातात. चेंडू बाहेर गेला की अर्ध्या मिनिटात लंबूला बाजूला घ्यावे आणि आधी विचारावे: "तू आत गेलास तेव्हा मागे कोण येईल असं तुला वाटलं होतं?" बहुतेक वेळा तो ज्याचे नाव घेतो, त्याला ते काम आपले आहे हे कोणी सांगितलेलेच नसते.