पन्हाळा ते पावनखिंड: दोन दिवसांची पायवाट

पन्हाळा-पावनखिंड करायची म्हटली की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो चढ किती आहे याचा. चढ फारसा नाही. राजदिंडी या पन्हाळ्याच्या लहान दरवाजाखालचा उतार आणि म्हाळुंग्याहून मसाई पठारावर जाणारी चढण सोडली तर बाकी सगळी वर-खाली होत जाणारी वाट आहे. माणसं अडकतात ती ओल्या तळव्यांमुळे आणि उशिरा निघाल्यामुळे. तयारीचा निम्मा वेळ या दोन गोष्टींना द्यावा.

अंतर साधारण ५० किलोमीटर धरावं. वाट कुठून काढता यावर चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे होतात. कोरड्या दिवसांत तासाला चार किलोमीटर चालणारा माणूस आषाढात अडीच-तीनच चालतो, म्हणून एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नये. दोन दिवस आणि मध्ये एक मुक्काम हे गणित बरोबर बसतं.

कधी जायचं

बहुतेक लोक जुलैत जातात, कारण १२ आणि १३ जुलै १६६०. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा मार्चपासून पडलेला. आषाढ पौर्णिमेच्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह गडाबाहेर पडून विशाळगडाकडे निघाले, शिवा काशीद यांनी दुसऱ्या पालखीत बसून शत्रूला चकवलं आणि बाजीप्रभूंनी बांदल सेनेसह घोडखिंड अडवून धरली. तीच खिंड पुढे पावनखिंड झाली. त्या दिवसांत त्या चिखलातून चालण्याला अर्थ आहेच. पण जुलैच्या मोहिमांत एकाच पायवाटेवरून शेकडो माणसं जातात. पुढच्या तुकडीने तुडवलेला चिखल मागच्यांना घोट्याच्या वर लागतो, ओढ्यांवर रांगा लागतात आणि एरवी तीन तासांचा टप्पा पाच तास खातो. मोठ्या मोहिमेसोबत जाणार असाल तर पहिल्या तुकडीत राहा. आपापले जाणार असाल तर १२-१३ जुलैचा आठवडा टाळून मागेपुढे जा.

वाट नीट बघायची असेल, फोटो काढायचे असतील किंवा सोबत बारा-तेरा वर्षांची मुलं असतील तर आमचं मत ऑक्टोबर-नोव्हेंबरचं. भात पिवळं पडलेलं असतं, ओढ्यांना पाणी असतं पण ते अंगावर येत नाही. पठारावरची फुलं बघायला मात्र सप्टेंबरचा शेवट गाठावा. मार्चनंतर जाऊ नये. मसाईवर सावली जवळपास नाही आणि वाटेतलं पाणी आटत जातं.

रात्री चालायचा मोह अनेकांना होतो. पौर्णिमा असली तरी आषाढात चंद्र ढगाआड असतो, बॅटरीचा झोत धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो आणि दहा फुटांपलीकडे काही दिसत नाही. महाराजांबरोबर वाट तोंडपाठ असलेली माणसं होती, हे विसरू नये.

पाय आणि पाठपिशवी

नवे बूट घालून येऊ नये. महिनाभर वापरलेला, तळाला खोल खाचा असलेला, रबरी सोलचा बूट घ्यावा. ‘वॉटरप्रूफ’ बुटाचा इथे उपयोग नाही. पाणी वरून आत जातं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीदार कापडाचा, पाणी निथळणारा बूट बरा. गमबूट शेतात छान, पण पन्नास किलोमीटरला पिंढऱ्या सोलून काढतो.

फोड येतात ते ओल्या मऊ कातडीवर वाळूचे कण घासल्यामुळे. त्यामुळे निघण्याआधी टाच, बोटांच्या बेचक्या आणि तळवा यांना पेट्रोलियम जेली चोपडावी. दर दोन तासांनी थांबून मोजा पिळावा, पाय धुवावा, पुसावा आणि पुन्हा जेली लावावी. ही दहा मिनिटं बहुतेक लोक वाचवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची किंमत मोजतात. टाचेपाशी गरम वाटायला लागलं की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी मारायची. फोड आल्यावर मारलेली पट्टी ओल्या कातडीवर टिकत नाही. मोजे तीन जोड लागतात: दोन चालायला, एक फक्त मुक्कामाला. तो तिसरा जोड कितीही मोह झाला तरी वाटेत काढायचा नाही.

पिशवीचं वजन सहा किलोंच्या वर जाऊ देऊ नये. बाहेरून घातलेलं रेनकव्हर पठारावरच्या वाऱ्यात फुगतं आणि उडतं. खताच्या गोणीतलं आतलं जाड प्लास्टिक मिळालं तर ते स्वच्छ धुऊन पिशवीच्या आत अस्तरासारखं घाला, सामान त्यात भरा आणि तोंड पीळ देऊन बांधा. पाणी दोन लिटर, बॅटरी, शिट्टी, ओआरएसच्या चार पुड्या, एक काठी. छत्री घरी ठेवा. खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि फुटाणे. ब्रेड-जॅम दमट हवेत दुपारपर्यंत लगदा होतो.

पहिला दिवस

आदल्या संध्याकाळीच कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पन्हाळ्याला यावं. अंतर वीसेक किलोमीटरच आहे, पण सकाळच्या गाडीने येऊन चालायला सुरुवात केली की नऊ वाजतात आणि पुढचं सगळं वेळापत्रक अंधारात जातं. शिवाय गडाला एक संध्याकाळ द्यायलाच हवी. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी आणि अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारं एवढं दोन-अडीच तासांत होतं. २०२५ च्या जुलैत पन्हाळा ‘मराठा लष्करी भूदृश्यां’मधला एक किल्ला म्हणून जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी खोल्यांची चणचण आणखी जाणवते. आधी फोन करून ठेवा. गडाच्या पायथ्याला नेबापूरला शिवा काशीद यांची समाधी आहे. ती बघायची तर आदल्या दिवशीच, कारण चालायची वाट तिकडून जात नाही.

सकाळी साडेसहाला बाजीप्रभूंच्या पुतळ्यापासून निघून राजदिंडी गाठावी. दिंडीचा उतार थोडका, पण फसवा. दगड जांभ्याचे, त्यावर पावसाळ्यात हिरवं शेवाळ धरतं आणि अंग अजून गरम झालेलं नसतं. मोहिमेतला पहिला मुरगळलेला घोटा बहुधा इथलाच असतो. काठी पुढे टेकवा, पाऊल आडवं टाका, गुडघे थोडे वाकवून उतरा. दगडाच्या हिरव्या भागापेक्षा दोन दगडांमधली माती बरी.

खाली तुरुकवाडी, मग म्हाळुंगे. इथपर्यंत दीड तास धरावा. म्हाळुंग्याला पाणी भरून घ्या, कारण पुढे तासभर चढण आहे आणि वर पठारावर साचलेलं पाणी प्यायचं नाही. गुरं त्यातच बसतात.

मसाई पठार हा या वाटेचा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात चकवणारा भाग. जांभ्याचा सपाट सडा, मधे मसाईदेवीचं देऊळ, कड्याखाली पांडवदऱ्याची कोरीव लेणी. स्वच्छ हवेत इथे चुकायला जागाच नाही. धुकं उतरलं की मात्र सगळीकडे सारखंच गवत, सारखेच दगड, आणि गुरांच्या डझनभर पायवाटा फुटलेल्या. माणूस सरळ चालतोय असं समजून हळूहळू एका बाजूला वळत जातो आणि कड्यावर निघतो. अशा वेळी करायचं ते एवढं: देवळापाशी थांबून सगळे एकत्र या, पुढचा आणि मागचा माणूस ठरवा, मधलं अंतर आवाजाच्या टप्प्यात ठेवा. आपल्याला जायचंय पश्चिमेकडे आणि पावसाळी वारा येतो पश्चिम-नैऋत्येकडून. म्हणजे वारा समोरून किंवा डाव्या गालावर लागला पाहिजे. तो पाठीवर यायला लागला की तुम्ही पन्हाळ्याच्या दिशेने परत निघालात असं खुशाल समजा. ही खूण होकायंत्राची जागा घेत नाही. मोबाईलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, रेंजवर विसंबू नका. विजा चमकत असतील तर पठारावर चढूच नका. म्हाळुंग्यात तास-दीड तास थांबा.

सड्यावरची फुलं ज्या मातीवर उगवतात तिचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे. मळलेल्या वाटेवरूनच चालावं, गाणी लावू नयेत.

साडेबाराच्या आत पठार सोडून कुंभारवाडीकडे उतरायला लागलात तर दिवस हातात आहे. पुढे खोतवाडी, मंडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी. या टप्प्यात वाट पाणंदींतून आणि भाताच्या खाचरांतून जाते. जुलैत रोप लागण चालू असते. बांध पाण्याने मऊ झालेले असतात आणि वीस माणसं ओळीने गेली की बांध फुटतो, खाचरातलं पाणी वाहून जातं आणि त्या घरचा दिवस बांध घालण्यात जातो. पाणंदीत गुडघाभर चिखल असला तरी पाणंदीतूनच जा. बांधावरून जाणं भागच असेल तर मधे अंतर ठेवून एकेकाने जावं आणि शेतात कुणी असेल तर आधी विचारावं. मावशी, दादा अशी हाक मारून वाट विचारली की कोल्हापूरकडचा माणूस नुसती वाट सांगत नाही, चार पावलं सोबत येतो.

जळवा इथूनच सुरू होतात. ओढून काढू नये. जबड्याचा भाग आत राहून जखम चिघळू शकते. गावातले लोक तंबाखू-चुना लावतात, मीठ किंवा हळदही चालते. नख आडवं सरकवून तोंडाकडची बाजू सोडवणं हा सगळ्यात सोपा उपाय. रक्त थोडा वेळ वाहतंच, कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. घाबरायचं कारण नाही, स्वच्छ धुऊन पट्टी बांधा.

मुक्काम करपेवाडी किंवा आंबेवाडीत. आधी निरोप दिलेला असावा. दहा माणसांचं जेवण ऐनवेळी कुणाला सांगणं बरं नाही. भाकरी, पिठलं, भात मिळतो, त्याचे पैसे न मागता द्यावेत. अंधार पडायच्या आत पोहोचा. जुलैत सूर्य सातनंतर मावळतो, पण झाडीत सहालाच झाकोळतं आणि या भागात गव्यांचा वावर आहे. गवा समोर आला तर आरडाओरडा न करता थांबा, त्याला जायला वाट द्या.

दुसरा दिवस

कळकेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे आणि पांढरपाणी असा क्रम. झाडी दाट होते, वाड्या विरळ होतात. सकाळी सहाला निघा. प्रत्येक वाडीत पुढच्या वाडीचं नाव घेऊन विचारा. ‘पावनखिंड कुठे’ असं विचारलं की लोक भल्या मनाने गाडीरस्ता दाखवतात आणि डांबरावरून चालत बसावं लागतं.

या दिवसाचा धोका ओढ्यांचा. पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल, किंवा तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर उतरायचं नाही. या ओढ्यांचं पाणलोट क्षेत्र लहान असल्याने पाऊस थांबला की तास-दोन तासांत पाणी उतरतं, तेव्हा थांबणं हाच शहाणपणा. ओलांडताना बूट पायातच ठेवा, पिशवीचा कमरेचा पट्टा सोडा म्हणजे पडल्यास ती झटकता येते, तोंड प्रवाहाकडे करा आणि काठी वरच्या अंगाला रोवून एकेक पाऊल सरका. हात धरून साखळी केली तर एक घसरला की तिघं जातात. उंच, दणकट माणसाला आधी पाठवून अंदाज घ्यावा. परत फिरायचं ठरलं तर उत्तरेला रत्नागिरी रस्त्याची बाजू आणि दक्षिणेला कासारीचं खोरं आहे. जवळच्या वाडीतून कुठलं गाव आणि कुठली गाडी सोयीची ते विचारून घ्या.

पांढरपाणीला मलकापूरकडून येणारा रस्ता भेटतो आणि खिंड जवळ येते. कासारी नदी याच भागात उगम पावते. खिंडीत उतरायला पायऱ्या आहेत, शेवटी लोखंडी शिडी आणि कठडा. शिडी ओली असते. तोंड शिडीकडे करून, पाठमोरं उतरावं आणि एका वेळी एकानेच. पाणी जोरात असेल तर वरूनच बघा. खाली उभं राहून दोन्ही भिंतींमधली रुंदी नजरेने मोजली की थोडक्या माणसांनी मोठी फौज कशी थोपवली ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

बहुतेक लोक इथे थांबतात. विशाळगडावर बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या आहेत. तिकडे जायचं असेल तर गडावर प्रवेश चालू आहे का, किती वाजेपर्यंत आहे, हे निघण्याआधी पोलिसांकडे किंवा तहसील कार्यालयात विचारून घ्यावं. मध्यंतरी तिथे निर्बंध लागले होते. गडाला चालत जाण्यापेक्षा गाडीने जा, पाय संपलेले असतात.

परतीची गाडी कोल्हापुरातूनच ठरवून ठेवा आणि चालकाला दुपारी तीनची वेळ द्या. खिंडीपाशी संध्याकाळी वडाप (सीटवर भाडं घेणारी खासगी जीप) मिळेल या भरवशावर राहिलेल्यांना मलकापूरपर्यंत पायपीट करायची वेळ येते. गाडीत बसण्याआधी बूट-मोजे काढून पोत्यात टाका, पाय धुवा आणि तो कोरडा ठेवलेला तिसरा जोड आता घाला.