मुरमाड जमिनीत झाडं जगवायची कशी: मायकोरायझा आणि पाण्याच्या पाळ्या

नाशिक जिल्हा म्हणजे हिरवागार, हे इगतपुरीपुरतं ठीक आहे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सिन्नरच्या पूर्वेला, येवला-नांदगावकडे तोच ५००-६०० वर येतो. वाळवंट नाही, पण मार्च ते जून तसंच वागणारी जमीन. तिथे झाडं लावणाऱ्याला हल्ली दुकानात हमखास मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडीनं राहणाऱ्या बुरशीची, पुडी मिळते आणि वर सल्ला मिळतो, ‘हे टाका आणि रोज थोडं पाणी द्या.’ यातला दुसरा भाग पहिल्याचं वाटोळं करतो.

झाडं इथलीच निवडा: कडुनिंब, शमी, हिवर, खैर, बोर, करंज. दोन-दोन फुटांचा खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि पहिला दमदार पाऊस झाला की लावा.

मायकोरायझा ही मुळांच्या आत शिरून राहणारी बुरशी. मुळाच्या केसाहूनही बारीक तिचे तंतू मूळ पोचत नाही तिथवर जातात आणि मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात. झाड त्याबदल्यात तिला साखर पुरवतं. स्फुरद जमिनीत फारसं हलत नाही आणि चुनखडीच्या जमिनीत तर अडकूनच बसतं, म्हणून आपल्याकडे या बुरशीची किंमत जास्त. पण जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही. पुडी मातीवर भुरभुरली तर पैसे वाया. रोपाची पिशवी फाडल्यावर मुळांच्या गड्ड्याला ती चोळा, उरलेली बरोबर गड्ड्याखाली टाका. त्याच खड्ड्यात डीएपी किंवा सुपर फॉस्फेट अशी स्फुरदाची खतं टाकू नका. आयतं स्फुरद मिळालं की झाड बुरशीला पोसत नाही. पहिले काही आठवडे मुळाशी बुरशीनाशक ओतणंही (आळवणी) नको. द्राक्षवाल्यांच्या घरात ते हाताशीच असतं, म्हणून मुद्दाम सांगतो. पुडी परवडत नसेल तर जवळच्या जुन्या बाभळीखालची बारीक मुळांसकट ओंजळभर माती चालते. भाजीच्या किंवा द्राक्षाच्या रानातली माती मात्र आणू नका, तिच्याबरोबर मुळांना लागणारे सूत्रकृमी येतात.

आणि माती उकरून पांढरा कापूस दाखवत ‘बघा, मायकोरायझा लागला’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. तो पालापाचोळा कुजवणाऱ्या भलत्याच बुरशीचा असतो. मुळातला मायकोरायझा बघायला मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं.

आता पाणी. बहुतेकांची झाडं इथेच जातात, आणि मलाही हे गणित बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर आहेत असं धरा. रोज अर्धा तास चालवले तर रोज ४ लिटर, आठ दिवसांत ३२. आठ दिवसांनी एकदाच चार तास चालवले तरी ३२च. पाणी तेवढंच, पण रोजचं पाणी वरची चार बोटंच ओली करतं आणि त्यातलं बरंच उडून जातं. मुळं त्या ओल्या थरात वर येऊन बसतात. खोडाशी चिखल राहतो, हवा खेळत नाही. बुरशीलाही हवा लागते, मुळांनाही. चार तासांचं पाणी खाली उतरतं, मग माती वाफशावर येते, म्हणजे ओल राहते पण चिखल नसतो, आणि मुळी खालच्या ओलीमागे जाते. बुरशीचे तंतू खरे उपयोगी पडतात ते याच मधल्या दिवसांत.

म्हणून पावसाळा सरला की आठ-दहा दिवसांनी एक पाळी. पहिल्या उन्हाळ्यातही अंतर तेच ठेवा, फक्त ड्रिपर तास-दोन तास जास्त चालू द्या. दुसऱ्या वर्षी पंधरा ते वीस दिवस. काळ्या मातीत याहून लांबवा, निव्वळ मुरमात थोडं आवळा. दुसऱ्या दिवशी आळ्याच्या कडेला बारीक सळई दाबून पाहा: ओलीत ती सहज जाते, कोरड्यात अडते. दीड-दोन फूट गेली पाहिजे. मुरमात सळई दगडाला अडेल, तिथे सरळ उकरून बघा.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून नळ सोडू नका. एप्रिलच्या उन्हात भरपूर ओल असलेलं झाडही मान टाकतं. सकाळी सहाला तीच पानं लोंबत असतील, तर ते तहानलेलं आहे.

ड्रिपर खोडाशी कायमचे ठेवणं हा दुसरा आळस. लावताना गड्ड्यावर, पहिल्या पावसाळ्यानंतर एक वीत बाहेर, दुसऱ्या वर्षी फांद्यांच्या घेराखाली. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या फिनिक्स शहरात रस्त्याकडेला मेस्किट लावतात, आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं झाड. सारखं पाणी मिळालेलं मेस्किट भराभर फोफावतं, वर डेरेदार आणि खाली उथळ, आणि तिथल्या पावसाळी वादळात मुळासकट आडवं होतं. मेच्या वळवात आपल्याकडेही हेच दिसतं.

आळ्यात पाचट किंवा वाळलं गवत चार बोटं घाला, खोडाला टेकू देऊ नका.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर नळ्या गुंडाळून ठेवायला हरकत नाही. पाऊस फारच कमी झाला असेल तर मार्चअखेर एक आणि मेच्या सुरुवातीला एक, अशा दोन भरपूर पाळ्या द्या.