अथेन्समध्ये मासा मागवण्याआधी

अथेन्समधल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये शनिवारी रात्री जेवायचं असेल तर टेबल आधीच राखून ठेवा, आणि जमल्यास आठची वेळ मागा. ग्रीक मंडळी नऊ-दहाच्या पुढेच जेवायला बसतात. तोवर वेटरला तुमच्याशी बोलायला सवड असते. ती लागतेच, कारण ताज्या माशाचा भाव मेन्यूत बहुधा किलोवर लिहिलेला असतो. मासा निवडलात की समोर वजन करायला सांगा, एकूण किती युरो होतील ते विचारा, मगच हो म्हणा. इथे भिडस्तपणा महागात पडतो. न मागता आलेल्या पावाचेही पैसे लागू शकतात. शाकाहारी असाल तर 'फावा' मागवा: पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर ऑलिव्ह तेल, लिंबू आणि कांदा. तूप तेवढं मनातल्या मनात.