जुन्या साडीचं आसन आणि डाळिंब्यांची उसळ: शनिवार-रविवारचा बेत

कडवे वाल भिजत घातल्यापासून उसळ ताटात पडेपर्यंत जवळजवळ चाळीस तास जातात. त्यातलं आपलं काम फार तर दोन तासांचं. मधल्या वेळात विणकाम करायचं, तेही लोकरीचं नाही, नेसून नेसून मऊ झालेल्या सुती साडीच्या पट्ट्यांचं. रविवारी जेवायला बसताना दोन्ही तयार.

शुक्रवार रात्र

जेवणं झाली की एक मोठी वाटी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम, कडवे वाल निवडून धुवा आणि भरपूर कोमट पाण्यात भिजत घाला. चार माणसांना पुरतात. पातेलं मोठं घ्या, वाल चांगलेच फुगतात.

आता साडी. सुतीच हवी, आणि साध्या विणीची. जॉर्जेट किंवा नायलॉनची साडी सरळ फाटत नाही. अंगभर बुट्टे असतील तर पट्टी दर वितीला अडकते. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून ताणून बघा. तेवढ्यानेच विरलं तर ती साडी गोधडीच्या आत घालायला ठेवा. बादलीभर पाण्यात बुडवून रंग जातो का तेही पाहून घ्या. आसनावर बसणाऱ्याच्या पांढऱ्या लेंग्याचा विचार करायला हवा.

फॉल उसवा. पदराकडचा साधारण मीटरभर भाग कापून बाजूला ठेवा, तो उद्या सकाळी लागणार आहे. दोन्ही काठही फाडून वेगळे करा. मग उरलेल्या कापडाच्या एका टोकाला, कडेपासून अडीच सेंटिमीटरवर कात्रीने छोटी चीर द्या आणि लांबीच्या दिशेने टर्रकन फाडत जा. दुसरं टोक दोन बोटं उरलं की थांबा. पट्टी सुटी करायची नाही. आता त्या टोकाकडून, पुन्हा अडीच सेंटिमीटर सोडून चीर द्या आणि उलट दिशेने फाडत या. असं नागमोडी करत गेलं की अख्ख्या साडीचा एकच सलग धागा होतो. वळणाचे कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर विणताना तिथे गाठीसारखा गोळा येतो.

हिशेब सोपा आहे. पदर आणि काठ गेल्यावर साडेचार मीटर लांब आणि मीटरभर रुंद कापड उरलं, तर चाळीस पट्ट्या होतात, म्हणजे १८० मीटर धागा. एका आसनाला याच्या निम्मा पुरतो. फाडताना सुताचा भुगा खूप उडतो, म्हणून नाकाला रुमाल बांधा आणि शक्यतो गॅलरीत बसा. पट्टी मध्येच तुटली तर गाठ मारू नका. दोन्ही टोकांना काजासारखी चीर द्या, एक टोक दुसऱ्याच्या काजातून घाला, मग त्याच पट्टीचं मागचं शेपूट तिच्या स्वतःच्या काजातून ओढून घ्या. सांधा सपाट बसतो.

शनिवार

सकाळी वाल उपसा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि त्या पदराच्या तुकड्यात घट्ट पुरचुंडी बांधून उबदार जागी ठेवा. नवं कापड ओल धरत नाही, जुनी सुती साडी अचूक धरते. थंडीचे दिवस असतील तर पुरचुंडी डब्यात घालून झाकण लावा.

सुयांबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे दुकानात अजून जुने नंबर चालतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ‘बारा नंबर’ मागितलीत तर जेमतेम पावणेतीन मिलिमीटरची, बाळाच्या टोपऱ्याची सुई हातात येईल. आपल्याला बारा *मिलिमीटर* जाडीची हवी. तसंच सांगा. लाकडी मिळाली तर उत्तम, धातूच्या जाड सुया जड होतात.

आधी दहा टाके घालून दहा ओळी विणून बघा. माझ्या हाताला दहा सेंटिमीटरमध्ये सात टाके बसतात, म्हणून पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसनाला मी ३२ घालते. तुमचा हात घट्ट असेल तर जास्त लागतील. टाके घालताना दोन्ही सुया एकत्र धरा म्हणजे पहिली ओळ आवळत नाही. पुढे सगळ्या ओळी सुलट, एकही उलट टाका नाही. अशा विणीच्या कडा गुंडाळल्या जात नाहीत आणि आसन जमिनीवर सपाट पडतं. पट्टीच्या कडांना दशा सुटतील. लोंबणाऱ्या तेवढ्या कापा, बाकीच्या राहू द्या.

लोकर लवचीक असते, सुती पट्टी अजिबात नाही, त्यामुळे सगळा ताण मनगटावर येतो. दर दहा-बारा ओळींनी उठा. निमित्त हवंच असेल तर पुरचुंडी चाचपून बघा, कोरडी वाटली तर पाण्याचा हबका मारा. दुपारी कुकरमध्ये मुगाची खिचडी लावा, आज स्वयंपाकघरात याहून जास्त वेळ घालवू नका. फक्त तुपाचे हात साबणाने धुतल्याशिवाय सुयांना लावायचे नाहीत. रात्रीपर्यंत तीसेक ओळी झाल्या तर वेग चांगला आहे.

रविवार

सकाळी वालांना बोटाच्या पेराएवढे मोड आलेले असतील. नसतील तर दोन-तीन तास थांबा आणि तेवढ्यात विणून घ्या. मोड आलेले वाल कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून सोला. चिमटीत धरून दाबलं की सालातून डाळिंबी अलगद सुटते. काम वेळखाऊ आहे, घरातल्या सगळ्यांना परातीभोवती बसवा.

पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, त्यात मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद. डाळिंब्या घालून हलक्या हाताने परता, बुडतील इतकं गरम पाणी घाला, झाकणीत पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्या. दहा मिनिटांनी एक दाबून बघा. कुकर नको, पिठलं होतं. डाव घालून ढवळूही नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा. डाळिंब्या मऊ झाल्या की मगच चार आमसुलं घाला. आंबट आधी पडलं तर दाणा लवकर शिजत नाही. मग मीठ, तिखट, चमचाभर गोडा मसाला, आणि सुपारीएवढा गूळ, वालाच्या कडसर चवीला तो हवाच. शेवटी ओलं खोबरं आणि जिरं वाटून लावा आणि एक उकळी आणा.

साधारण ५४ ओळींत आसन चौकोनी होतं, पण मोजण्यापेक्षा ते कोपऱ्यावर दुमडून बघा. टाके सैल हाताने बंद करा, टोकं दाभणाने आत ओवून टाका. बाजूला काढलेला काठ चारही कडांना टाचला तर छान दिसतो. मी टाचत नाही, कारण तोवर भात झालेला असतो.