डॅशकॅमला गाडीतून वीज द्यायची तर

गाडी बारा व्होल्टची म्हणतात, पण इंजिन चालू असताना मीटरवर साधारण १४ व्होल्ट दिसतात, शिवाय मध्येच झटकेही येतात. म्हणून डॅशकॅमची (काचेवरच्या कॅमेऱ्याची) वायर थेट जोडू नका. १२ ते २४ व्होल्ट इनपुटचा, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) घ्या. ५ व्होल्ट देणारा साधा ७८०५ आयसी नको. २ अँपिअरला त्यात १८ वॅटची नुसती उष्णता होते, आणि हा आयसी तेवढ्या करंटचा नाहीच.

सप्लाय फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून वेगळी वायर काढून देणारा जोड) लावून घ्या. चावी बंद केल्यावर ज्या फ्यूजची वीज जाते, तोच निवडा. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नाही. टॅपमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. अर्थ (निगेटिव्ह वायर) बॉडीच्या बोल्टला द्या, खालचा रंग खरवडून. गगनबावड्याच्या पावसात गंजलेल्या बोल्टवर दिलेला अर्थ हमखास दगा देतो: कॅमेरा सारखा रिस्टार्ट होतो आणि दोष बिचाऱ्या मेमरी कार्डाला!

पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग, हवा असेल तर मात्र चावी बंद असतानाही वीज असलेला फ्यूज लागतो; त्यावर, बॅटरी १२.२ व्होल्टला उतरली की सप्लाय तोडणारं किट लावा. कॅमेऱ्याने पाव अँपिअर घेतला तरी दिवसाला ६ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्मी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम करून घेतलंत तरी फ्यूज समोर बघून घ्या.