सिंगापूर ते बँकॉक : हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

समजा, तिकिटावर सिंगापूरहून सुटण्याची वेळ सकाळी ९.३० आणि बँकॉकला पोहोचण्याची १०.५५ आहे. प्रवास दीड तासाचाही नाही असं वाटतं. परतीच्या तिकिटावर मात्र दुपारी १२.०० ते ३.२५, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास! यातलं खरं काय, ते कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं.

आधी विमानतळ नक्की करा. बँकॉकला दोन आहेत : सुवर्णभूमी (कोड बीकेके) आणि डॉन मुआंग (डीएमके). नाव संस्कृत असलं तरी टॅक्सीवाल्याला ‘सुवन्नफूम’ म्हटलेलं लवकर कळतं. सिंगापूरच्या चांगीपासून डॉन मुआंग जेमतेम तीसेक किलोमीटर जास्त लांब आहे. हवेत हा फरक दोन-तीन मिनिटांचा, पण चुकीच्या विमानतळावर उतरून दुसरीकडे जायचं तर बँकॉकच्या वाहतुकीत तास सहज जातो.

आता अंतर. चांगी १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व. सुवर्णभूमी १३.६९ उत्तर, १००.७५ पूर्व. अक्षांशांतला फरक १२.३३, रेखांशांतला ३.२४. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून रेखांशांच्या फरकाला मधल्या अक्षांशाच्या (साधारण ७.५ अंश) कोसाइनने, म्हणजे ०.९९ ने गुणा : ३.२१. दोन्हींचे वर्ग १५२.० आणि १०.३, बेरीज १६२.३, वर्गमूळ १२.७४. एक अंश सुमारे १११.२ किमी, म्हणून अंतर १,४१७ किमी किंवा ७६५ सागरी मैल. विषुववृत्ताजवळच्या एवढ्या अंतराला ही शाळेतली रीत पुरते; खंड ओलांडायचा असेल तर गोलाचं सूत्रच वापरा.

हमखास चूक होते ती अंश-मिनिटांत (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). १३ अंश ४१ मिनिटं म्हणजे १३.४१ नव्हे. ४१ ला ६० ने भागा, १३.६८ येतात. इथे घसरलात की तीस किलोमीटर गायब!

वेळ काढताना नुसतं वेगाने भागू नका. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ उंचीवर ताशी सुमारे ८३० किमीने जातं. त्या हिशेबाने १०२ मिनिटं होतात. पण चढताना-उतरताना वेग कमी असतो, हवाई मार्ग सरळ रेषेत नसतो आणि गेट ते धावपट्टी सरकण्यातही वेळ जातो. त्यासाठी ३५ ते ४५ मिनिटं मिळवा : साधारण २ तास २० ते २५ मिनिटं.

आता तिकिटाशी ताळा करा. जातानाचा १ तास २५ मिनिटं, येतानाचा ३ तास २५ मिनिटं. बेरजेचं निम्मं २ तास २५ मिनिटं. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात आणि सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे असतं; हा फरक बेरजेत आपोआप कटतो. या पट्ट्यात वरचे वारे सहसा फार जोरदार नसल्याने ही युक्ती चालते. मुंबई–लंडनला जाता-येताच्या वेळांतच जवळपास तासाचा फरक पडतो.

गंमत म्हणजे सूर्याच्या हिशेबाने या दोन शहरांत फक्त १३ मिनिटांचं अंतर आहे. सिंगापूरने १९८२ पासून घड्याळ पुढे ठेवलंय, म्हणून तासाचा घोळ.

पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर लक्षात ठेवा : छापलेली वेळ विमान गेटला लागण्याची असते. इमिग्रेशनची रांग आणि बॅग त्यानंतर.