तान्ह्या मुलांमधील आयबीडी: निदान करताना या चुका टाळा

शीतून रक्त जाणारे आठ-दहा महिन्यांचे बाळ घेऊन पालक येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यातून तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दोन-तीन प्रतिजैविके, एक जंताचे औषध आणि शौच तपासणीचे दोन-चार अहवाल निघतात. यांतला प्रत्येक कागद त्या-त्या दिवसापुरता बरोबरच असतो. परंतु कोथरूडच्या डॉक्टरांनी हडपसरची चिठ्ठी पाहिलेली नसते, आणि म्हणून तीन महिन्यांत चार वेळा झालेले ‘जुलाब’ हे एकाच आजाराचे चार टप्पे असू शकतात, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. तारखा क्रमाने न लावणे ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

आयबीडी म्हणजे आतड्यांचा दीर्घकाळ टिकणारा दाह. क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्याचे दोन मुख्य प्रकार. (आयबीएस हा निराळाच विकार आहे, नावातल्या एका अक्षराने पालकांचा गोंधळ होतो.) हा आजार सहसा किशोरवयात किंवा तरुणपणी दिसतो. सहा वर्षांच्या आत सुरू झाल्यास त्याला अतिशय लवकर सुरू होणारा आयबीडी म्हणतात, तर दोन वर्षांच्या आतल्या आणि पहिल्या २८ दिवसांतल्या आजाराचे वेगळे गट मानले जातात. तान्ह्या वयात तो दुर्मीळच असतो, हे आधीच सांगितले पाहिजे, कारण शीत रक्त दिसणाऱ्या बहुतेक बाळांना बद्धकोष्ठाने पडलेली चीर, संसर्ग किंवा दुधाची अ‍ॅलर्जी यांपैकी काहीतरी असते. खडा झालेल्या शीवर बाहेरून रक्ताची रेघ असेल, तर आधी गुदद्वाराची चीर पाहावी. दोन ते सहा वर्षांच्या, एरवी खेळत्या-खात्या मुलाला न दुखता ताजे लाल रक्त पडत असेल, तर आतड्यातील पॉलिपचा विचार आधी करावा. मात्र शीत मिसळलेले रक्त, सोबत शेंब आणि कळ, आणि हे सारे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, तर ‘दात येताहेत’ या वाक्यावर थांबू नये. दात येण्याने रक्त पडत नाही.

बाळगुटीबद्दल डॉक्टर रागावतील या धास्तीने ती सांगितलीच जात नाही. सहाणेवर उगाळलेली मुरडशेंग आणि हिरडा पोटात जात असताना जुलाबांचे कारण शोधणे अवघड होते, शिवाय सहाण आणि पाणी यांतून जंतूही जाऊ शकतात. म्हणून ‘औषध काय देता?’ याऐवजी ‘आजी बाळाला काय चाटवतात?’ असे विचारावे. उत्तर खरे मिळते.

दुधाची अ‍ॅलर्जी हे निदान दोन्ही बाजूंनी चुकते. गाईच्या दुधातील प्रथिने बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत फरक दिसायला हवा, आणि फरक दिसल्यावर ती पुन्हा देऊन लक्षणे परततात का, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने पाहायला हवे. प्रत्यक्षात गाईचे बंद करून म्हशीचे किंवा शेळीचे दूध सुरू होते, किंवा लॅक्टोज नसलेला डबा आणला जातो. तिन्ही व्यर्थ, कारण म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या प्रथिनांशी बरीच मिळतीजुळती असतात आणि लॅक्टोज ही मुळात साखर आहे. बाळ अंगावर पीत असल्यास आईचा चहा, ताक, पनीर, पेढा आणि दुधाची भुकटी घातलेले बिस्कीट हेही हिशेबात येतात. उलट बाजूची चूक अधिक गंभीर आहे: पथ्य नीट पाळूनही रक्त थांबत नाही आणि वजन घसरते आहे, तरी डबे बदलण्यातच महिने घालवले जातात.

वजनाचे एक उदाहरण पाहा. आठव्या महिन्यात ७.६ किलो असलेला मुलगा अकराव्या महिन्यात ७.५ किलो भरला, तर ‘शंभर ग्रॅमच तर कमी झाले’ असे वाटते. माता-बालसंरक्षण कार्डावरील तक्त्यात हे दोन ठिपके जोडून पाहिले, की तोच मुलगा हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरलेला दिसतो. लसीकरण संपत आले की हे कार्ड कपाटात जाते. ते बाहेर काढून ठिपके भरावेत. लांबीही मोजावी.

तपासण्यांचे आकडे या वयात वेगळे वाचावे लागतात. शौचातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारे प्रथिन) प्रौढांमध्ये ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे अहवालात छापलेले असते. परंतु निरोगी तान्ह्या बाळातही ते काही शेकड्यांत असू शकते आणि साधारण चार वर्षांच्या आसपास प्रौढांच्या पातळीवर येते. केवळ त्या आकड्यावर ना आयबीडीचा शिक्का मारावा, ना तो कमी आहे म्हणून निश्चिंत व्हावे. क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल हा जंतू वर्षाच्या आतल्या अनेक निरोगी बाळांच्या आतड्यात असतोच, त्यामुळे त्याचा ‘पॉझिटिव्ह’ अहवाल हे जुलाबांचे कारण ठरत नाही. सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) सामान्य असूनही आयबीडी असू शकतो. अशा वेळी कमी हिमोग्लोबिन, वाढलेल्या प्लेटलेट आणि घटलेले अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) अधिक बोलके ठरतात. नमुन्याबाबत एवढेच, की तो डायपरमधून खरवडून देऊ नये, कारण पातळ भाग डायपरने शोषलेला असतो.

आपल्याकडे आतड्याच्या क्षयरोगाची शंका येणे रास्त आहे, कारण लहान आतड्याचा शेवटचा भाग दोन्ही आजारांत सुजतो. परंतु सोनोग्राफीत आतडे जाड दिसले म्हणून बायोप्सी (अस्तराचा तुकडा काढून तपासणे) आणि जीनएक्सपर्ट व कल्चर या क्षयजंतू शोधणाऱ्या तपासण्या यांच्याआधीच एकेटी, म्हणजे क्षयरोगाची औषधे, सुरू करणे, किंवा घाईने स्टेरॉइड देणे, यामुळे पुढचे चित्र पुसट होते. दुर्बीण घालायचीच असेल, तर एकाच भुलीत वरून आणि खालून, लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत तपासावे. अस्तर निरोगी दिसले तरी प्रत्येक भागाचे तुकडे वेगवेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटल्यांत घ्यावेत. मोठ्या आतड्याच्या फक्त शेवटच्या वीस सेंटिमीटरची तपासणी या वयात मला अपुरी वाटते.

सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न मात्र आतड्याबाहेरचा आहे: हा आजार इतक्या लवकर का झाला? दोन वर्षांच्या आतल्या काही मुलांमध्ये मूळ दोष प्रतिकारशक्तीच्या एखाद्या जनुकात असतो. आयएल-१० या संदेशवाहक प्रथिनाच्या ग्राहकातील (रिसेप्टरमधील) बिघाडाने तान्ह्या वयातच तीव्र दाह होतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा बाळाला पहिल्या तीन महिन्यांतच जुलाब आणि गुदद्वाराभोवती गळू किंवा भगंदर होते, आणि नेहमीच्या औषधांऐवजी मूलपेशी प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये (पांढऱ्या पेशींना जंतू नीट मारता न येण्याचा जन्मजात आजार) आतड्याचे तुकडे क्रोन्ससारखे दिसतात, पण क्रोन्सची टीएनएफ-विरोधी (दाह वाढवणारे एक प्रथिन रोखणारी) इंजेक्शने तेथे जिवावर बेतणारा संसर्ग ओढवू शकतात. म्हणून वारंवार न्यूमोनिया, न जाणारा इसब, तोंडातील बुरशी किंवा बीसीजीनंतर काखेत पिकलेली गाठ यांची विचारपूस आधी करावी. आतेभाऊ-मामेबहीण असे लग्न आहे का, हे संकोच न करता विचारावे. यांतील काही दोष आईकडून मुलग्यांकडे येतात, त्यामुळे बाळाचा एखादा मामा लहानपणीच गेला होता का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

या दोषांच्या रक्ततपासण्यांत वेळेला किंमत असते. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज ओळखणाऱ्या डीएचआर तपासणीला ताजे रक्त लागते, आणि ती परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. पुण्याहून नमुना शनिवारी संध्याकाळी निघाला, तर तो सोमवारपर्यंत निकामी होऊ शकतो, म्हणून आधी फोन करून वार ठरवावा. इम्युनोग्लोब्युलिनची (रक्तातील प्रतिपिंडांची) पातळी पाहायची असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देण्याआधी रक्त काढावे. प्रतिकारशक्तीच्या दोषाची शंका असताना रोटाव्हायरससारखी जिवंत जंतूंची लस तज्ज्ञांना विचारूनच द्यावी.

जनुक तपासणीत काही न सापडणे याचा अर्थ आजार नाही, असा होत नाही. या वयातल्या आयबीडीत बहुतेक मुलांमध्ये आजाराचे कारण ठरणारे एखादे दोषी जनुक सापडत नाही. ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहिलेला बदलही टाकून देऊ नये, कारण त्याच बदलाचे वाचन काही वर्षांनी बदलू शकते. त्यासाठी अहवालाची मूळ प्रत आणि प्रयोगशाळेने दिलेला नमुना क्रमांक जपून ठेवावा.